वक्ता क्रमांक सहा

टेबलावर सहा माणसं होती, पाच कागदी पुड्या, एक स्टीलचा डबा, तपकिरी चीजचा अर्धा ठोकळा, आणि मधोमध मिठाच्या डबीला टेकवून ठेवलेला अंगठ्याएवढा एक माइक. पुड्यांमध्ये घरून आणलेल्या पावाच्या चकत्या होत्या. नॉर्वेत दुपारचं जेवण म्हणजे एवढंच, आणि तेही साडेअकराला. स्टीलचा डबा माझा होता.

“इंग्रजीतला स्काय हा शब्द आमचा आहे,” मारित म्हणाली. “आमच्याकडे त्याचा अर्थ ढग. हजार वर्षांपूर्वी आमचे लोक जहाजांतून तिकडे गेले. इंग्रजांनी त्यांच्याकडून ढग उचलला आणि त्याला आकाश म्हणायला लागले.”

“त्यांचं काही चुकलं नाही,” हाल्वार म्हणाला. “त्यांच्याकडे दोन्ही एकच असतं.”

सगळे हसले. मीही हसलो. विनोद मला कळला, पण संध्याकाळी, खोलीवर बटाटे चिरताना. इंग्लंडात सदा ढगाळ असतं, असा तो विनोद होता. तेव्हा मी एकटाच, सुरी हातात धरून, खरंखुरं हसलो.

ही उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहराची गोष्ट आहे, आठ वर्षांपूर्वीची. पुण्यात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मी तिथल्या एका छोट्या संस्थेत वर्षभरासाठी मदतनीस म्हणून गेलो होतो. संस्था पाण्याखालचे आवाज मोजायची. कॉड नावाचा मासा अंडी घालायच्या दिवसांत घुमतो, त्याच्या नोंदी ठेवणं हे आमचं मुख्य काम. हाल्वार आमचा प्रमुख. एरलेंड आणि सिव हे दोघं पीएच.डी.चे विद्यार्थी, त्यांना मासे आणि स्की या दोनच गोष्टींत रस होता. बोर्गहिल्डबाई पाण्यात सोडायचे माइक बनवायच्या आणि दुरुस्त करायच्या. त्या जूनमध्ये निवृत्त होणार होत्या. आणि मारित. तिला माशांपेक्षा माणसांच्या आवाजात रस होता.

मारितचा प्रश्न साधा होता. तीच माणसं, तेच टेबल, तेच पाव. फक्त भाषा बदलली तर बोलण्यात नेमकं काय बदलतं? म्हणून तिने महिनाभर नियम घातला. सोमवारी आणि बुधवारी जेवताना इंग्रजी, मंगळवारी आणि गुरुवारी नॉर्वेजियन. सगळ्यांची परवानगी घेऊन माइक ठेवला. नॉर्वेजियनच्या दिवशी मला मोजणीतून वगळलं होतं, कारण मी अजून शिकत होतो. इंग्रजीच्या दिवशी मात्र मी होतो. तिच्या दृष्टीने तर मीच सगळ्यांत भरवशाचा होतो.

“तुमच्याकडे तर इंग्रजी लहानपणापासूनच,” ती पहिल्या दिवशी म्हणाली होती.

“हो,” मी म्हणालो होतो.

मी वाशीम जिल्ह्यातल्या एका गावच्या मराठी शाळेत शिकलो. पाचवीत असताना ‘नाइफ’ हा शब्द मी मोठ्याने ‘क्नाइफ’ असा वाचला, आणि पुढची दोन वर्षं वर्गात माझं नाव क्नाइफ होतं. बारावीनंतर पुण्याला गेलो. तिथल्या वसतिगृहात आधी माझी वऱ्हाडी गेली. ती कोणी घालवली नाही, मीच आठवडाभरात काढून ठेवली. मग इंग्रजी आली. पुस्तकातली इंग्रजी मी चांगलीच मिळवली. व्याकरण चोख, उच्चार रेडिओवरून घेतलेले. राहिलं ते हसणं. कँटीनमध्ये मुलं ज्या गोष्टींवर हसायची त्या मी पाहिलेल्या नव्हत्या, वाचलेल्या नव्हत्या. शब्द सगळे कळायचे; त्यात हसायचं कुठे ते कळायचं नाही. तेव्हा मी एक युक्ती बसवली. बोलणाऱ्याकडे बघायचं नाही, समोर बसलेल्याच्या खांद्यांकडे बघायचं. माणूस हसणार असला की तोंडाच्या आधी खांदे हलतात. खांदे हलले की आपण सुरू करायचं. पाच वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नाही.

ट्रॉम्सोत माझ्या समोर एरलेंड बसायचा. त्याचे खांदे रुंद होते.

बोर्गहिल्डबाई इंग्रजीच्या दिवशीही इंग्रजी बोलायच्या नाहीत. इतर बोलत, त्या ऐकत, आणि बोलायचं असलं की आपल्या उत्तरेकडच्या नॉर्वेजियनमध्ये बोलत. त्या बोलीत दर वाक्यात एखादी शिवी असते आणि तिचं कोणाला काही वाटत नाही. त्यांचं बोलणं मारित माझ्यासाठी इंग्रजीत सांगायची, शिव्या वगळून. सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की बाईंना इंग्रजी कळतं, पण बोलता येत नाही.

“क्नीव,” त्या म्हणाल्या आणि हात पुढे केला. मी चीजजवळची सुरी त्यांना दिली.

“हाही आमचाच शब्द,” मारित उत्साहाने म्हणाली. “इंग्रजांनी तो लिहिला आमच्यासारखा आणि नंतर बोलताना पहिलं अक्षर खायला लागले. पूर्वी तेसुद्धा ‘क्’ म्हणायचे.”

मी डब्याचं झाकण लावलं. ते दोनदा लावावं लागलं.

या लोकांची एक गोष्ट मला पहिल्यापासून चक्रावून टाकायची. हाल्वार बर्गेनचा, सिव एका दरीतली, बाई उत्तरेच्या बेटावरच्या. तिघांचं नॉर्वेजियन इतकं वेगळं की ‘मी’ हा शब्दसुद्धा तिघं तीन तऱ्हांनी म्हणायचे. पण कोणी कोणासाठी आपलं बोलणं बदलायचं नाही. रेडिओवर मंत्री आपल्या गावचं बोलायचे. मी मारितला विचारलं होतं, “यातलं शुद्ध कोणतं?” तिने प्रश्न दोनदा विचारायला लावला. तिला तो समजलाच नाही.

दर रविवारी आईचा फोन यायचा. संस्थेत असलो तर मी बाहेरच्या जिन्यात जाऊन बोलायचो. तिथे मराठीच कोणाला कळत नव्हती, वऱ्हाडी कुठून कळणार? तरी जायचो, उणे आठमध्ये, जॅकेट न घालता.

एका रविवारी बाई कामाला आल्या होत्या. फोन संपवून मी आत आलो तर त्यांनी माझ्या लाल झालेल्या कानांकडे बोट दाखवलं आणि काहीतरी विचारलं. “आई,” मी म्हणालो. त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्यांनी ‘कोण’ असं नव्हतं विचारलं, ‘का’ असं विचारलं होतं, एवढं नॉर्वेजियन मला कळत होतं.

त्यांच्या कामाच्या टेबलाखाली तेव्हा पांढऱ्या रंगाचे दोन डबे आणि एक नवा ब्रश ठेवलेला होता. मार्चमध्ये संस्थेची बोट तीन ब्रिटिश संशोधकांना घेऊन एका बेटापाशी आठवडाभर थांबणार होती. बाई त्या बेटावर जन्मल्या होत्या. त्या बारा वर्षांच्या असताना सरकारने पैसे देऊन तिथली सगळी कुटुंबं मुख्य किनाऱ्यावर हलवली. आता तिथे माणूस नाही, प्रवासी बोट नाही. त्यांचं घर अजून उभं होतं, आणि त्याच्या खिडक्यांच्या चौकटी त्यांना रंगवायच्या होत्या. बोटीवर संस्थेच्या दोनच जागा होत्या. एक हाल्वारची, एक बाईंची.

“कोणी राहत नाही, तर रंग कशाला?” एरलेंडने एकदा त्यांना चिडवलं होतं.

“तू तुझ्या स्कीला मेण लावतोस ना? त्या काय जेवायला मागतात?” बाई म्हणाल्या. हे मारितने मला जसंच्या तसं सांगितलं.

महिना संपला. शुक्रवारी दुपारी आमच्याकडे केक असायचा, आणि केक खाताना कोणीतरी काहीतरी दाखवायचं. त्या शुक्रवारी मारितची पाळी होती.

तिने पडद्यावर एकामागून एक आलेख आणले. इंग्रजीत सगळ्यांचा आवाज थोडा वर चढतो. नॉर्वेजियनमध्ये एकाचं बोलणं संपायच्या आत दुसरा ‘हो’ म्हणताना श्वास आत ओढतो. इंग्रजीत तीच माणसं तसं करत नाहीत. हाल्वार इंग्रजीत दुप्पट बोलतो. “त्याला ऐकायला आवडतं, स्वतःला,” सिव म्हणाली. हशा झाला.

“आता हे बघा. मला सगळ्यांत आवडलेलं,” मारित म्हणाली. “हसणं. एक जण हसला की बाकीचे किती वेळाने हसतात ते मी मोजलं. नॉर्वेजियनमध्ये पाचही जण जवळजवळ एकदम. आता इंग्रजी. नावं नाहीत, नुसते क्रमांक.”

पडद्यावर सहा पट्ट्या आल्या. पाच पट्ट्या डावीकडे, नखाएवढ्या. सहावी पडद्याच्या मध्यापर्यंत गेली होती.

“वक्ता क्रमांक सहा,” मारित म्हणाली. “प्रत्येक वेळी उशिरा. एकदाही चुकून लवकर नाही. म्हणजे हा माणूस विनोदाला हसतच नाहीये, आपल्या हसण्याला हसतोय. कळतंय का किती मस्त आहे हे?”

ती खरोखर आनंदली होती. तिच्या जागी असतो तर मीही आनंदलो असतो. मोजमाप सुंदर होतं.

माझ्या हातात केकची बशी होती. ती मी खाली ठेवू शकत नव्हतो, कारण ठेवली असती तर आवाज झाला असता. एरलेंड पट्टीकडे बघून मोठ्याने म्हणाला, “कोण आहे बुवा हा?” आणि टेबलावरून नजर फिरवायला लागला. मारितच्या लक्षात तेव्हा आलं. तिचा चेहरा उतरला. “नाही, नाही, ते महत्त्वाचं नाही...” ती पुढचा आलेख शोधायला लागली आणि तो तिला सापडेना.

“दे ए मे,” बोर्गहिल्डबाई म्हणाल्या.

ती मी आहे. इतकं नॉर्वेजियन कोणालाही कळेल.

त्या केकचा दुसरा तुकडा घेत होत्या. त्यांनी आणखी काहीतरी म्हटलं, एका शिवीसकट, आणि सगळे सुटकेने हसले. सिवने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हाल्वार माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाला, “ती म्हणते, निदान मी हसते तरी, हाल्वारचे विनोद त्या लायकीचे नसतात.”

मी हसलो. या वेळीही कोणाच्या तरी खांद्यांकडे बघूनच.

सोमवारी हाल्वारने मला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. तो सहसा लावत नसे.

“मला वाईट वाटतंय,” तो म्हणाला. “इतकी वर्षं आम्ही तिच्यासमोर इंग्रजी बोलत राहिलो आणि ती बिचारी कळल्याचं नाटक करत बसली. आणि आता मी तिला तीन ब्रिटिशांबरोबर आठवडाभर एका बोटीत कोंडणार होतो.”

“त्यांना जायचं होतं,” मी म्हणालो.

“ती स्वतःहून नाही म्हणणार नाही, हट्टी आहे. म्हणून मीच ठरवलं. मी तिच्याशी बोललो. ती हं म्हणाली.” त्याने चष्मा पुसला. “तिच्या जागी तू चल. नोंदींचं काम तुला येतं. ब्रिटिशांबरोबरचा अहवाल तुलाच लिहायचाय, आणि तो चांगला झाला तर पीएच.डी.ची जागा मी तुझ्यासाठी मागू शकतो. तुझं इंग्रजी आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं आहे, सुमेध.”

मला बोलायला हवं होतं, ते तिथेच. मी म्हणालो, “थँक यू.”

संध्याकाळी मी आपणहून आईला फोन केला, जिन्यातून. सोमवारी आमचं बोलणं होत नाही, म्हणून ती घाबरली. मग बातमी ऐकून खूश झाली.

“समुद्रात? माय वं! पन तुले काऊन नेऊन राह्यले बापा थे?”

“जागा होती एक.”

“कोनाची होती? कोनी आजारी पडलं काय?”

“नाही आई.”

“मंग?”

मी थंडीचं कारण सांगून फोन ठेवला. थंडी होतीच.

आत आलो तेव्हा बाईंच्या कामाच्या खोलीत दिवा होता. त्या एक माइक रबराच्या आवरणात बसवत होत्या. टेबलाखाली रंगाचे डबे नव्हते. मी बघितलं, तर ते वरच्या फळीवर, जुन्या तारांच्या मागे ठेवलेले. ब्रश अजून कागदात होता.

मी दारात उभा राहिलो. आम्ही दोघं नेहमी आपापल्या भाषेत बोलायचो, मी इंग्रजी, त्या नॉर्वेजियन. हातवारे आणि अंदाज यांवर काम चालतं, असं मला वाटायचं.

“तुमचा रंग,” मी म्हणालो.

“रंग टिकतो,” बाई म्हणाल्या.

इंग्रजीत. आणि ती इंग्रजी मी कधी ऐकली नव्हती. हाल्वारसारखी नाही, चित्रपटातल्यासारखी नाही. जड, गोल, समुद्रावरच्या माणसाची.

“दार लाव. गारठा येतो,” त्या त्याच भाषेत म्हणाल्या. “शेटलंड. लर्विक गाव. स्कॉटलंडच्याही वरचं बेट. मासळीच्या कारखान्यात नऊ वर्षं होते मी. एकोणिसाव्या वर्षी गेले तेव्हा मला इंग्रजीतले सात शब्द येत होते, त्यांतले चार माशांचे.”

“मग वक्ता सहा...”

“तू आहेस. मला माहीत आहे.”

त्यांनी रबर ताणून बसवलं, अंगठ्याने दाबून पाहिलं.

“मासे साफ करायच्या टेबलाला आम्ही दहा मुली,” त्या म्हणाल्या. “माझ्यासमोर जेसी नावाची एक. जेसी हसली की मी हसायची. पहिला हिवाळा सगळा असाच काढला. मग जेसीला आठवडाभर ताप आला. मी आठवडाभर हसले नाही. सगळ्यांना वाटलं माझ्या घरी कोणी मेलं. मुकादमाने मला सांत्वनाला साबणाची वडी आणून दिली.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तुझी जेसी एरलेंड आहे. त्याला सर्दी झाली होती तेव्हा तुझी काय तारांबळ!”

माझे कान गरम झाले. त्या महिनोन्‌महिने माझ्याच टेबलाला बसून हे बघत होत्या.

“पण तुम्ही टेबलावर इंग्रजी का बोलत नाही?”

“तिथे नऊ वर्षं बोलले की. पुरे झालं. इथे माझं घर आहे, घरात मी माझ्या बेटाचं बोलते. कोणाला कळलं तर ठीक, नाही कळलं तर त्याने शिकावं.” त्यांनी पेचकस शोधला. “तू तुझ्या आईशी बोलायला बर्फात का जातोस?”

याचं उत्तर मला येत होतं. मी फळीवरच्या डब्यांकडे बघितलं.

“त्या दिवशी तुझा चेहरा त्या भिंतीसारखा झाला होता,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, मी तर जूनमध्ये जाणार, मला कोण काय म्हणतंय? मला काय ठाऊक हाल्वार लगेच दयाळू होईल! दयाळू माणसांपासून सांभाळून राहावं.”

“मग तुम्ही त्याला सांगा. त्याच्याशी असं बोला, इंग्रजीत. एक वाक्य पुरे.”

“आणि मग पट्टी कोणाची, असं तो विचारेल. टेबलाला सहाच माणसं आहेत.”

“विचारू दे.”

“ते मी नाही ठरवणार,” बाई म्हणाल्या. “बेट कुठे जात नाही. मी किनाऱ्यावरून एखादी मासेमारी बोट पकडेन कधीतरी.” त्यांनी दिवा माइकवर वाकवला. आता त्या खालीच बघत होत्या. “जा आता. रबराचा गोंद वाळायच्या आत हे बसवायचं आहे.”

मासेमारी बोटी त्या बेटाला लागत नाहीत. धक्का मोडलेला होता. हे संस्थेत सगळ्यांना माहीत होतं. आमच्या बोटीबरोबरच छोटी होडी होती म्हणून आम्हाला उतरता येणार होतं.

बुधवारी साडेअकराला सगळे जमले. मारितचा महिना संपला होता, पण मी होतो म्हणून सगळे इंग्रजीतच बोलत होते. बाई आपल्या बेटाचं बोलत होत्या. पावाच्या पुड्या उघडल्या. मी डबा उघडला नाही.

“वक्ता सहा मी आहे,” मी म्हणालो.

सगळे थांबले. मग हाल्वारने हात हलवला. “सुमेध, हे फार चांगलं आहे तुझं. पण त्याची गरज नाही. बोर्गहिल्डला त्याचं काही वाटत नाही.”

“मी चांगुलपणा करत नाहीये. मला तुमचे विनोद कळत नाहीत.”

“कोणालाच कळत नाहीत,” सिव म्हणाली. सगळे हसले. हे मला कळलं, आणि त्या क्षणी नेमकं हेच कळायला नको होतं.

“हे बघ, तुझं इंग्रजी...” हाल्वारने सुरुवात केली.

“मला इंग्रजी लिहिता येतं. अहवाल लिहिता येतो. मी ते पुस्तकांतून शिकलो. आमच्या घरी कोणी इंग्रजी बोलत नाही, शाळेतही कोणी बोलत नव्हतं. लहानपणापासून येतं असं मी मारितला सांगितलं, ते खोटं होतं.” माझे रेडिओवरून घेतलेले उच्चार त्या वेळी कुठे गेले कोण जाणे. माझं मलाच ऐकू येत होतं, प्रत्येक व्यंजनाला वाशीम लागत होतं. “मी एरलेंडचे खांदे बघून हसतो.”

एरलेंडने आपल्या खांद्यांकडे बघितलं, आधी डाव्या, मग उजव्या.

“मी नावं सांगणार नाही,” मारित हळूच म्हणाली. “तसं वचन दिलंय मी. पण...” ती सगळ्यांत व्यवस्थित माणूस होती, तिला शंका शिल्लक ठेवता येत नसे. “पण परत मोजता येईल. सगळ्यांची हरकत नसेल तर.”

कोणाची हरकत नव्हती. बाईंनी नुसती भुवई उचलली. मारितने माइक आणला आणि मिठाच्या डबीला टेकवला.

“एरलेंड, तू इकडे ये,” मी म्हणालो. तो उठून माझ्या शेजारी बसला. माझ्यासमोर आता भिंत होती, आणि भिंतीवर भरती-ओहोटीचं कॅलेंडर.

“विनोद सांग, हाल्वार. इंग्रजीत. नवा.”

हाल्वारला आयुष्यात पहिल्यांदा विनोद सांगायला नको वाटत होतं. तरी त्याने सांगितला. त्यात एक बिशप होता, एक मेंढी होती आणि ते दोघं एका स्कॉटिश बोटीची वाट बघत होते. मेंढीला तिकीट लागतं का, असं बिशप विचारतो. बोटवाला काहीतरी उत्तर देतो. त्या उत्तरातले सगळे शब्द मला येत होते. तीन लहान शब्द.

मी कॅलेंडरकडे बघत राहिलो. शेजारी बाक हलला. टेबलाच्या पलीकडे कोणीतरी फुटलं, आणि त्यात एक जाड, घोगरं, वरून खाली कोसळणारं हसू होतं. ते बाईंचं होतं. नॉर्वेजियनच्या दिवशी त्या असंच हसायच्या. हसता हसता त्यांनी बोटवाल्याचं उत्तर परत म्हणून दाखवलं, त्या लर्विकच्या इंग्रजीत, आणि हाल्वारचं हसणं मध्येच थांबलं.

माझा गळा सवयीने हसायला तयार झाला होता. मी तो तसाच ठेवला. माझ्या मांडीवरचा हात मला दिसत होता. त्याची बोटं डब्याच्या कडीत अडकलेली होती.

मग हसणं ओसरलं. पाचही जण माझ्याकडे बघत असावेत. मी बघितलं नाही.

हाल्वार बोलला, नॉर्वेजियनमध्ये, बाईंशी. तो विचारत होता की तिला अजून जायचं आहे का.

“डबे फळीवरून कोणीतरी काढून द्या,” बाई म्हणाल्या. “माझा हात पोचत नाही.”

हे मारितने मला इंग्रजीत सांगितलं नाही. हे मला कळलं. मी उठलो, डबे काढून आणले, त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवले आणि जागेवर येऊन बसलो. पीएच.डी.बद्दल हाल्वार त्यानंतर माझ्याशी बोलला नाही, मीही विचारलं नाही. जूनमध्ये माझी मुदत संपली.

त्या दुपारी मारितने लॅपटॉप टेबलावर फिरवला. पट्ट्या पाचच होत्या. तिने आकडे वाचून दाखवले. एरलेंड, शून्य पूर्णांक तीन सेकंद. सिव, शून्य पूर्णांक तीन. मारित स्वतः, शून्य पूर्णांक चार. बोर्गहिल्ड, शून्य पूर्णांक दोन. हाल्वार, विनोद संपायच्या आधीच.

सुमेध, नोंद नाही.